आम्ही विचार करून राह्यलो

माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली तेव्हा बाबांनी अपेक्षांची यादीच केली होती. मुलगा निर्व्यसनी हवा, नोकरीवाला हवा आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घेणारा हवा. बाबा एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांचं ऐकून घेणारं एकमेव माणूस, म्हणजे माझी आई, वर्षभरापूर्वी गेली होती.

नांदुऱ्याचा एक मुलगा वडिलांना घेऊन चिखलीला आमच्या घरी आला. पोहे झाले, आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. मुलगा सरळ होता. म्हणाला, "राग नका मानू, पन मले काही हे जमत नाही." मलाही तो मुळीच आवडला नव्हता. इतकं हायसं वाटलं की मी त्याला आग्रहाने पाणी विचारलं.

नकार सांगायला जिना उतरलो, तर खाली दोन्ही बाप हसून हसून खोकत होते. त्याचे वडील रेल्वेतले निवृत्त गेटमन. बस जास्त उशिरा येते की गाडी, यावर जुंपली होती. आई गेल्यापासून बाबांना असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. आणि आमच्या भागात नकार झालेल्या घरी कुणी पुन्हा चहालाही जात नाही. मी जिन्यातच थांबले. मुलाने ओळखलं. हळूच म्हणाला, "सांगू, विचार करून राह्यलो म्हनून."

तो विचार दोन वर्षं चालला. दर रविवारी बाबा 'मुलाची चौकशी करून येतो' म्हणत बस धरायचे. मुलगा घरी असो-नसो. परत आले की म्हणायचे, "पोरगं ठीकच हाये. पन व्याही लाखात एक!" साखरपुडा नाही, सुपारी नाही, आणि हे एकमेकांचे व्याही. मावशीने विचारलं, पोरीचं जमलं का? बाबा म्हणाले, "लय जमलं!" मधल्या काळात आलेली दोन बरी स्थळं त्यांनी परस्पर परतवली. मी कपाळावर हात मारला आणि गप्प बसले.

मागच्या महिन्यात त्या मुलाचा फोन आला. त्याचं अकोल्याच्या मुलीशी लग्न ठरलं होतं. मला रडूच आलं, पण त्याच्यासाठी नव्हे. आता रविवारी बाबा कुठे जातील?

संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं, अगदी गच्चीपासून. त्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं,

"त्या पोरीले बाप हाये का?"