मल्लूअप्पाचा बेस आणि आजीचं टिपाड

आज मल्लूअप्पाला खुर्चीत बसवून नेलं.

लिंगायतांत शेवटच्या वाटेवर असंच नेतात, बसवून, भजनं म्हणत. पद्धत मला माहीत आहे. तरी बघवलं नाही. हा माणूस कधी एका जागी बसल्याचं मला आठवतच नाही.

घरी आल्यापासून मीही येरझारा घालतेय. सून म्हणते, आई, जरा टेका. कशी टेकू? ही पोस्ट लिहितेय, खोडतेय, परत लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाआधी मी लातूरच्या एका ऑर्केस्ट्रात गायचे. मल्लूअप्पा आमचा बेस गिटारिस्ट. घरचं मोंढ्यात धान्याचं आडत दुकान, आणि ह्याचं मन हैद्राबादहून आणलेल्या सेकंडहँड गिटारीत.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. कलेक्टर आले, साहेब लोक आले, आणि गावागावाला वाटायला लागलं, आपल्याही गणपतीत ऑर्केस्ट्रा पाहिजे.

पाठोपाठ दुष्काळ आला. मंडळं म्हणायला लागली, या, पण माणसं कमी आणा.

कमी कोणाला करायचं, हे मास्तरांचं ठरलेलंच होतं.

वहाब मास्तर आमच्या ग्रुपचे मालक. अकॉर्डियन वाजवायचे. मनाने सोनं, तोंडाने तिखट. "अप्पा, तुम्हारा बाजा किसी को सुनने कोच नै आता. जीप में जगा कायकू अडाना?"

खोटं नव्हतं ते. गावात साउंड सिस्टीम म्हणजे खांबाला बांधलेले भोंगे. त्यातून माझा आवाज शिवेपर्यंत जायचा, पण बेसचे खालचे सूर भोंग्यातून निघतच नाहीत. लोकांना वाटायचं, हा नुसता गिटार गळ्यात घालून उभा आहे.

एकाने तर तोंडावर विचारलं होतं, "ह्ये काय करायलेत? शोला उभं केलंय का?"

अप्पाला ते फार लागलं.

मोठा बेसचा बॉक्स घ्यावा तर जीपमध्ये मावेना, एसटीच्या टपावर चढवू देईनात. लहान घ्यावा तर आवाज फुसका. मग ह्याला खूळच लागलं. दिसेल त्या पोकळ वस्तूवर बोटाने ठोकायचं आणि कान लावायचा. लोकांची कपाटं, चहाच्या पेट्या, काही सोडलं नाही. कचेरीत नव्याने आलेल्या पेटाऱ्यांवर ठोकताना शिपायाने हाकलून दिलं.

शेवटी मास्तर म्हणाले, "अहमदपूर की तरफ एक प्रोग्राम है. पब्लिक को सुनने आया तो रहो, नै तो खुदा हाफिज."

त्या गावात पोचलो तर घरोघरी दारात लोखंडी टिपाडं. टँकरचं पाणी भरून ठेवायला. अप्पा ठोकत निघाला आणि एका म्हातारीच्या दारात थबकला.

"आजी, एवढं आजच्यापुरतं द्या की."

"ने बाबा. टँकर कालच यून गेला. परवापस्तोर येत न्हाई त्यो. कालचं पाणी सरलं, रिकामंच हाय."

त्याने टिपाड आडवं केलं. आत दुकानातून आणलेला रिकाम्या पोत्यांचा बारदाना कोंबला, तोंडावर फळी ठेवून त्यात स्पीकर बसवला आणि सगळं तारेने आवळलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच गाण्याला माझ्या पायाखालची फळी थरथरली.

काय सांगू तुम्हाला! इतके दिवस मी भोंग्यात एकटीच ओरडत होते. त्या दिवशी माझ्या आवाजाखाली जमीन आली. पोरं नाचायला लागली. मास्तरांनी अप्पाकडे बघून मान हलवली. अप्पा तर सगळ्या स्टेजभर फिरून वाजवत होता.

आणि ऐन रंगात टँकरचा हॉर्न.

सणाचं म्हणून नव्या साहेबांनी जादा खेप पाठवली होती. आता ह्या साहेबांना काय म्हणावं! पब्लिक उठून पळालं. आजी मात्र उलटी, गर्दी कापत स्टेजकडे आली.

"बाबा, माझं टिपाड!"

मास्तर खुणावत होते, बजाते रहो. मी गातच होते.

अप्पाने गाण्याच्या मधेच गिटार खाली ठेवली. पक्कड काढली, तार तोडली, स्पीकर उचकटला, बारदाना ओढून काढला आणि टिपाड खांद्यावर घेऊन पळत सुटला. स्वतः पाइप धरून आजीचं पाणी भरलं, तेव्हाच परत आला. पार भिजून.

"बस हो गया, अप्पा," मास्तर म्हणाले. "कल से मत आओ."

 अप्पा गिटार पुसायला लागला.

माझं डोकं फिरलं. "मास्तर, अप्पा न्हाई तर म्या बी न्हाई. शोधा दुसरी!"

माइक चालू होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं. सगळ्या गावाने ऐकलं. टँकरपाशी कळशा घेऊन उभ्या बायका वळून बघायला लागल्या.

आणि तिथून आजी ओरडली, "अवं मास्तर, ऱ्हाऊ द्या त्याला! त्ये वाजत हुतं तवा छातीत कसं बरं वाटत हुतं!"

मास्तर टँकरकडे बघत राहिले. मग त्यांनी अकॉर्डियन उचललं. "बजाओ, अप्पा."

टिपाड नव्हतं, बेस कोणाला ऐकू जाणार नव्हता. उरलेला सगळा कार्यक्रम त्याने तसाच वाजवला. ऑर्केस्ट्रा बंद पडेपर्यंत मग त्याला कोणी जा म्हटलं नाही.

पुढे आम्ही म्हाताऱ्यांनी परत ग्रुप जमवला, तेव्हाही सगळ्यात आधी अप्पाच आला.

उद्या नांदेडला आमचा कार्यक्रम आहे. सगळे म्हणाले, कॅन्सल करू. मी नाही म्हटलं. कीबोर्डवाला चांगला मुलगा आहे. म्हणाला, "काकू, बेस मी डाव्या हाताने देतो. लोकांना कळणारपण नाही."

मी म्हटलं, नको रे बाळा.

कळू दे.

अप्पा, जा सुखाने. तुझ्या गायिकेचा तुला शेवटचा नमस्कार.