अंदाजाने लिहिलेला आकडा

गावात तिला सगळे वजनताई म्हणायचे. खरं नाव मतदारयादीत होतं आणि तिथंच राहिलं. अठरा वर्षांपूर्वी एकाच वर्षात तीन बाळंतिणी दगावल्या, तेव्हा गावातल्या बायकांनी मिळून आरोग्यगट काढला. दवाखाना दोन तासांवर. घरोघरी फिरायला कुणीतरी हवं होतं आणि गटात नीट लिहिता येणारी ती एकटीच. "तुला लिहिता येतं ना, मग तूच," एवढ्यावर निवड झाली.

काम सांगायला सोपं होतं. दर महिन्याला पाच वर्षांखालच्या प्रत्येक पोराचं वजन करायचं आणि तक्त्यावर ठिपका मांडायचा. हिरव्या पट्ट्यात पडला की पुढचं घर. पिवळ्यात पडला की तिथंच बैठक मारायची. पोर काय खातं, जुलाब झाले का, पाणी उकळता का, सगळं विचारायचं. ती तुळईला काटा टांगायची, झोळीत पोर ठेवायची आणि पोर भोकाड पसरायचं. "जेवला नाहीस तर वजनताई येईल हं," अशी धमकी आया द्यायच्या. तिला हसू यायचं. पुढेपुढे तेही यायचं बंद झालं.

साठ घरांची एकशे बारा झाली, फिरणारी मात्र एकच राहिली. गुडघे गेले. डोंगरापलीकडच्या वस्तीवर जाताना ती दोनदा बसायची, मग तीनदा. पण कुणाच्या दारातून आत न जाता परतली, असं कधी झालं नाही.

तिच्या स्वतःच्या घरात तीनच माणसं असायची. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. सून सकाळीच मळ्यात कामाला जायची आणि दहा महिन्यांच्या नातीला शेजारच्या म्हातारीकडे ठेवायची. वजनताई दिवेलागणीला पाय ओढत घरी यायची, तेव्हा नात झोपलेली असायची. काटा पुन्हा पिशवीतून काढायचा म्हणजे जिवावर यायचं. घरचंच पोर, करू उद्या. महिनाअखेरीस दवाखान्यात वही पाठवायची वेळ आली, तेव्हा तिने मागच्या आकड्यात पाव किलो मिळवलं आणि लिहून टाकलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. असे चार महिने गेले.

मग दवाखान्यातून नवीन सिस्टर तपासणीला आली. शाळेच्या ओसरीवर आया पोरं घेऊन बसल्या. सिस्टर वहीतला आकडा वाचायची आणि स्वतः वजन करून पडताळायची. वीस-बावीस पोरांचे आकडे तंतोतंत जुळले. शेवटी वजनताईची सून नातीला घेऊन पुढे आली.

सिस्टरने काट्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, पोरीला उतरवून पुन्हा झोळीत ठेवलं.

"ताई, इथं आठ किलो दोनशे लिहिलंय. ही सात शंभर आहे. पिवळ्यात आहे. हा आकडा कुणी घातला?"

"मी," वजनताई म्हणाली. "अंदाजाने."

कुणीतरी मागून पुटपुटलं, "दिव्याखाली अंधार." तिने वळून पाहिलं नाही. बोलणारीचं खोटं थोडंच होतं?

घरी आल्यावर ती उंबऱ्याशीच बसली. सून पोरीचं तोंड पुसत होती. वजनताईच्या तोंडून सवयीनेच प्रश्न निघाला, "काय खाते ही दिवसभर?"

"म्हातारीकडे बिस्किट, चहा. मागच्या महिन्यात दोनदा जुलाब झाले."

"मला का नाही सांगितलंस?"

सुनेने पोरीला खाली ठेवलं. "आई, तुम्ही यायच्या आणि पाय चोळत बसायच्या. बोलायचंही त्राण नसायचं तुम्हाला. त्यात मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? आणि लोक म्हणाले असते, वजनताईच्या घरातच असं."

हे बोलणं रागाचं असतं तर तिला सोपं गेलं असतं. पण सुनेचा आवाजही तिच्यासारखाच थकलेला होता.

पुढच्या बैठकीत वजनताईने वही गटापुढे ठेवली. "चार आकडे खोटे आहेत. मला आता झेपत नाही. दुसरी कुणीतरी बघा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पलीकडच्या वस्तीवरची एक सासूबाई होती. सुनेला तपासणीला पाठवावं म्हणून वजनताईने तिच्या घरी अकरा खेपा घातल्या होत्या आणि प्रत्येक वेळी शिव्या खाल्ल्या होत्या. तीच आधी बोलली. "मला वाटायचं हिला दुसरा उद्योग नाही. ही माझ्या दारात अकरा वेळा आली, पण हिच्या दारात आपण कुणी गेलो का? एकटीच्या अंगावर टाकलं आणि मोकळ्या झालो."

"म्हणून खोटं लिहायचं?" एका तरुण आईने विचारलं.

"नाही," वजनताईच म्हणाली. "ते चुकलंच."

वाद बराच वेळ चालला. अखेर गावाचे तीन भाग करायचं ठरलं. डोंगरापलीकडची वस्ती त्या सासूबाईंच्या सुनेने घेतली, वरची आळी तरुण आईने. वजनताईकडे घराजवळची चाळीस घरं राहिली. आणि मळ्यात जाणाऱ्या बायकांची पोरं शाळेच्या ओसरीवर आळीपाळीने सांभाळायची, दुपारी तिथंच डाळ आणि अंडं शिजवून घालायचं, असंही ठरलं. पहिल्या आठवड्यात दोघींनी दांडी मारली. भांडणं झाली. मग हळूहळू घडी बसली.

नातीचं वजन आता सून करायची आणि आकडा तीच लिहायची. दुसऱ्या महिन्यात पोरगी पुन्हा आजारी पडली, ठिपका खाली आला. वजनताईला वाटलं, आपल्यामुळेच. पाचव्या महिन्यात काटा साडेआठवर थांबला. ठिपका हिरव्यात आला, जेमतेम.

"आली बघा, आई," सून म्हणाली.

वजनताईने मान डोलावली. तिला खूप आनंद व्हायला हवा होता, पण अठरा वर्षांचा शीण असा एका ठिपक्याने उतरत नाही. तिने नातीला झोळीतून काढून मांडीवर घेतलं आणि भिंतीला पाठ टेकली. त्या दुपारी तिला कुठंच जायचं नव्हतं.