पाहुण्यांसाठी लावलेला कूलर

गेल्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी, अमरावतीतल्या एका विहाराच्या सभागृहात, लिनक्स बसवून घ्यायला आलेल्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप काम अर्ध्यावर असताना बंद पडला.

कार्यक्रम आम्ही काही मित्रांनी ठरवला होता. लोकांनी जुने, संथ झालेले लॅपटॉप घेऊन यावे, आम्ही त्यांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली बसवून द्यावी आणि ती वापरायला शिकवावी. तयारीच्या बैठकीत पोहे, प्रोजेक्टर, एक्स्टेंशन बोर्ड यांवर चर्चा झाली. कूलरवर झाली नाही.

विद्यार्थिनी मूर्तिजापूरहून वडिलांसोबत आली होती. मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या शकुंतला या जुन्या, अरुंद रुळांच्या रेल्वेवर ती प्रबंध लिहीत होती. त्या रुळांची देखभाल करण्यात आयुष्य गेलेल्या एका गँगमनची मुलाखत तिने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून लॅपटॉपवर घेतली होती. मोबाइल नंतर बदलला. गँगमन हिवाळ्यात वारले. प्रबंधाचे एक प्रकरण या मुलाखतीवर उभे होते, हे तिने आल्या आल्या सांगितले.

फायलींची कॉपी काढली का, हे आम्ही प्रत्येकाला विचारत होतो. तिलाही विचारले.

“पेनड्राइव्हमध्ये टाकल्या ना सर, सगळ्या.”

विंडोज तसेच ठेवून डिस्कवर लिनक्ससाठी जागा करायची होती. जुन्या फायली सरकवण्याचे काम सुरू झाले; ते मध्येच तुटले तर फायली बिघडतात. बॅटरी कधीचीच गेलेली, त्यामुळे लॅपटॉप थेट बोर्डावर चालत होता. सभागृहात इन्व्हर्टर होता. वीज जाण्याची काळजी नव्हती.

तिचे वडील भिंतीशी बसून दुपट्ट्याने वारा घेत होते. विहाराची देखभाल करणारे काका त्यांच्याजवळ आले.

“बाबूजी, तुमी कावून घामानं भिजून राह्यले? कूलर लावून देतो नं.”

“राहू द्या. आमाले सवय हाय.”

“सवय तुमच्या घरी. इथं पाहुणे हाय तुमी.”

काकांनी बोर्डावरची हाताशी आलेली पिन काढून तिथे कूलरची लावली. कूलर सुरू झाला. लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

आम्ही धावलो. काकांनी विचारले, “वापस लावू का?” पुन्हा वीज दिल्यावर डिस्क वाचता येत नाही, एवढाच संदेश आला.

मग पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला लावला. फायलींची नावे होती, प्रत्येक चिन्हाच्या कोपऱ्यात लहान बाण होता. तिने डेस्कटॉपवरचे शॉर्टकट उचलून टाकले होते. शॉर्टकट फक्त फाइल कुठे आहे ते सांगतो. फाइल डिस्कवरच होती.

“त्या बुढ्याचा आवाज गेला का?” वडिलांनी विचारले.

“गेला, बाबा.”

“मंग आता?”

काका तेवढ्यात तिच्यासाठी पाणी घेऊन आले. ते म्हणाले, “पोरी, मले कोणी सांगतलंच नाई.” हे खरे होते.

डिस्कमधली माहिती परत काढून देणाऱ्या अकोल्याच्या एका दुकानात मी ती डिस्क नेली. काही दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. मुलाखतीच्या नावाची फाइल सापडली होती, लांबीही जवळपास तेवढीच होती. त्याने ती फोनवरच लावून ऐकवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती खरखर होती.

पावसाळ्यानंतर तिने प्रबंध सादर केला. ते प्रकरण त्यात नाही.