बाबा ज्या दगडावर रागावले

आमच्या नॉटिंगहॅमच्या घरात, दारापाशी बुटांच्या रॅकला टेकून, बाबांची गिटार कितीतरी दिवस उभी होती. "जाता-येता चॅरिटी शॉपमध्ये देऊन टाक," असं बाबांनी सांगून ठेवलं होतं आणि मी रोज तिला वळसा घालून कामावर जात होते. नवऱ्याला वाटायचं मी विसरतेय. मी काही विसरत नव्हते.

ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत बार धरून तो तारांवरून सरकवायचा. मग सूर गळ्यातून निघाल्यासारखा घसरत येतो. बाबा साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. "आठवडाभर लोकांना झोपवतो, आज उठवायला आलोय," असं ते तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गिटार मांडीवर घेऊन म्हणायचे. दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी लोक हसायचे. आई पहिल्या रांगेत बसून ओठ मिटून गुणगुणायची. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा, आईचा प्रेशर कुकर आणि ही गिटार आली.

लहानपणी त्यांनी मलाही शिकवून पाहिलं होतं. ते प्रकरण फार टिकलं नाही. बार केसभर मागे राहिला तरी सूर उतरतो, आणि माझा नेमका उतरायचाच. एरवी ऑपरेशन थिएटरमध्येही आवाज न चढवणारा हा माणूस तेवढ्यापुरता उसळायचा. "अगं, कान आहेत की डूल अडकवायच्या खुंट्या?" मग मी रडायचे, आई मध्ये पडायची, आणि बाबा ओशाळून मला बंदरावर मोठाली जहाजं दाखवायला न्यायचे. जहाजं मात्र मी पुष्कळ पाहिली.

पुढे त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. दोन्ही कानांत हिअरिंग एड आले. बोलणं समजायला लागलं, टीव्हीचा आवाज खाली आला, शेजारपाजार सुखावला. गिटारीचं मात्र वाटोळं झालं. तारेवर स्टील घासल्याचा आवाजच त्यांना सगळ्यात मोठा ऐकू यायचा.

"ताट चमच्याने खरवडल्यासारखं वाटतं गं," ते म्हणाले. "त्याच्यामागे सूर असेलही. मला सापडत नाही."

यंत्रं काढली तर काहीच ऐकू येईना. क्लिनिकमध्ये जाऊन सेटिंग बदलून आणलं, फरक पडला नाही. शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतःच गिटार पिशवीत घातली आणि दारापाशी नेऊन ठेवली. "वय झालं," म्हणाले, आणि चहा मागितला. तक्रार नाही, चिडचिड नाही. मला त्याचाच संताप आला. आई गेल्यापासून त्यांनी एकेक गोष्ट अशीच निमूटपणे सोडली होती, आणि गिटार गेली की सोडण्यासारखं काही उरणार नव्हतं.

मी हट्टी आहे, आणि तो गुण कुणाकडून आलाय हे उघड आहे. बरीच शोधाशोध केल्यावर कळलं, की काही वादक स्टीलऐवजी दगडाचा बार वापरतात आणि त्याचा आवाज मऊ येतो. असे बार घडवणारी एक बाई डर्बिशायरमध्ये सापडली. मी तिच्याकडे गाडी घेऊन गेले आणि विचारलं, कुठला दगड घेऊ? तिने बाबांबद्दल सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते त्यांच्या कानांनाच विचारायला हवं. चार घेऊन जा, एक ठेवा, बाकीचे परत आणा. अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात, एकेका खळग्यात एकेक, असे तिने ते बसवून दिले. एक तांबडा, एक काळा कुळकुळीत, एक हिरवा, आणि एक राखाडी. तो राखाडी दिसायला अगदीच सामान्य होता, पाट्या-वरवंट्याच्या खानदानातला.

रविवारी पोहे झाल्यावर मी खोका बाबांसमोर उघडला.

"हे काय?" त्यांनी चष्मा खाली ओढून पाहिलं. "कुठल्या पेशंटचे मुतखडे?"

"बाबा, प्लीज. एकदा ट्राय तर करा."

"रिटर्न करता येतात ना पण?" नवऱ्याने सिंकपाशी भांडी घासता घासता विचारलं.

बाबांनी माझ्यासाठी म्हणून गिटार मांडीवर घेतली. तांबडा सरकवला. "छान आहे." काळा सरकवला. "छान आहे." हिरवा, "हाही छान आहे." चौथ्याला हात न लावताच त्यांनी गिटार माझ्याकडे सरकवली. "कुठलाही ठेव. नाहीतर राहू दे, कशाला उगाच."

हा 'छान' माझ्या ओळखीचा होता. आईने एकदा उपम्यात बीट घातलं होतं, तेव्हाही तो असाच आला होता. ते माझं मन राखत होते, दुसरं काही नाही.

"सगळेच कसे छान असतील?" मी वैतागून गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली. "थांबा, मी वाजवते. तुम्ही नुसतं ऐका."

मला येत होतं ते एवढंच, सा रे ग म. तेही इतक्या वर्षांनी. तांबड्याने वाजवलं. बाबांनी मान डोलावली, छान. काळ्याने वाजवलं. छान. हिरव्याने वाजवताना तर मलाच माझी लाज वाटली. बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "छान वाजवतेस की."

तेव्हा मला खरंच रडू आलं. माझ्या असल्या वाजवण्याला जो माणूस छान म्हणतो, त्याला सूर ऐकूच येत नव्हता. चला, संपलं, असं मनात म्हणत मी केवळ खोक्यात उरला म्हणून तो राखाडी उचलला. सा. रे. ग.

"अगं!"

बाबांनी मान गर्रकन वळवली. "तो काय गंधार आहे? कान आहेत की डूल अडकवायच्या खुंट्या?"

सिंकपाशी नळ बंद झाला. मी बाबांकडे बघत राहिले. त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं, ते नुसतेच रागावलेले होते. खात्री करून घ्यावी म्हणून मी पुन्हा तोच गंधार लावला, आणखी उतरवून. या वेळी मुद्दाम.

"खाली, खाली आहे! चढव!" त्यांचं बोट हवेत उठलं. मी बार हळूहळू पुढे सरकवत गेले आणि ते बोट वर वर जात राहिलं. "अजून. अजून किंचित... हं." बोट थांबलं. सूर थांबला तिथेच. बाबांचा चेहरा बदलला.

"ऐकू येतंय," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मग म्हणाले, "दे इकडे."

सवय गेलेला हात सुरुवातीला चाचपडला. मग त्यांनी आई गुणगुणायची ती चाल काढली. मध्येच एका लांब सुरावर ते थांबले, डोळे मिटले. "इथे ती नेहमी घाई करायची," म्हणाले. "कितीदा सांगितलं, थांब म्हणून."

त्यांनी तो सूर तिच्यासाठी थोडा आधीच सोडला आणि पुढे वाजवू लागले.