सड्यावरची चूल

अमेरिकेतल्या एका माणसाने तळ्याकाठी एक खोली बांधली, तिथे तो दोनेक वर्षं एकटा राहिला, आणि माणसाला जगायला किती थोडं लागतं यावर त्याने पुस्तक लिहिलं. फार जुनी गोष्ट. ते पुस्तक मी कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं तेव्हा मला त्या गृहस्थाचा भयंकर राग आला होता. थोडक्यात भागवणं हे आमच्या घरी पुस्तक लिहिण्याजोगं कर्तृत्व नव्हतं, ती रोजची रड होती. पण चाळिशीला टेकल्यावर तेच पुस्तक पुन्हा हाती आलं आणि या खेपेला मला त्यातली काटकसर दिसलीच नाही. मला दिसलं ते दार. स्वतःचं, आतून लावता येणारं.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. लग्न केलं नव्हतं, म्हणून धाकट्या भावाच्या घरी राहत होते. भाऊ चांगला, भावजय त्याहून चांगली, पण घर त्यांचं. माझं म्हणून काय, तर माजघरातला एक पलंग आणि त्याखालची ट्रंक. मी पुस्तक वाचायला बसले की भाचरं त्याच पलंगावर बसून भांडायची. त्यांचंही बरोबर होतं, त्यांचंच घर ते.

आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर. घरं, वाड्या, विहिरी सगळं उतारावर आणि माथ्यावर सडा. सडा म्हणजे नुसता काळा कातळ, दूरवर सपाट. तिथला एक तुकडा आमच्या मालकीचा होता. काजूसुद्धा धड येत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मी तिथे जांभ्याच्या चिऱ्यांची एक खोली बांधायला काढली. पडक्या गोठ्याची कौलं वर चढवली.

"पुस्तक वाचून कोणी घर बांधतं काय गो, ताई?" भाऊ म्हणाला.

"मग काय वाचून बांधतात?" मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो कौलं वाहायला आला.

खोलीत एक खाट, एक फळी, दोन-चार भांडी आणि कंदील. एवढ्यात मी जी सुखी झाले, ती विचारू नका. अमेरिकन गृहस्थाशी मात्र माझं रोज वाजायचं. त्याच्या दाराशी तळं होतं. मी खालच्या विहिरीवरून हंडा चढवत होते. माझ्या दाराशी पाणी यायचं ते पावसाळ्यात, आणि तेही न बोलावता घरात शिरायचं. एकांताच्या गप्पा तर त्याने मला सांगूच नयेत. भावाच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मला वर मोजता येत होत्या.

गाडं अडलं ते चुलीवर.

"वन्सं, झोपा हवं तर तिथे," भावजय डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "पण जेवायला खाली या. वेगळी चूल कशाला?"

तिचं रडणं फुकटचं नव्हतं. आमच्याकडे चूल वेगळी झाली की घर फुटलं असं समजतात. भाऊ भाऊ भांडतात, वाटण्या होतात, मग चूल वेगळी मांडतात. पण दुसऱ्याच्या चुलीवरचं जेवून स्वतःचं घर कसलं? मी तीन चिरे मांडले आणि उकड्या तांदळाची पेज ठेवली. सड्यावर धूर निघाला तो साऱ्या गावाने पाहिला. दुपारी मासेवाली वर चढून आली, तीही रिकामी पाटी घेऊन.

"भावानं भायेर काडलान म्हनं तुला?" तिने गळा काढला.

"मीच त्याला खाली ठेवलाय," मी म्हटलं. तिला ते काही पटलं नाही.

मग शिमगा आला. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी देवळातून बाहेर पडते आणि घरोघर जाते. मुंबईचे चाकरमानी त्यासाठी रजा काढून येतात. पालखी जिथे टेकते ते घर; जिथे येत नाही तो गोठा, खोपटी, काहीही. त्या वर्षी पालखी भावाच्या अंगणात नाचली, तिथेच मी देवीची ओटी भरली. मग ढोल पुढच्या वाडीकडे गेला आणि मी एकटी सडा चढून आले. फार लागलं मला ते. त्या अमेरिकन माणसाला गाव नकोसं झालं होतं. मला गाव हवं होतं, फक्त माझ्या दारातून.

पुढच्या शिमग्याआधी देवळात गावकी बसली. बायका तिथे बोलत नसत. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझी चूल वेगळी आहे. पालखी माझ्याकडे यायला हवी."

मोठ्या मानकऱ्यांनी चष्मा पुसला. "बाय, येगली चूल म्हंजे वाटन्या जाल्या. भावाशी भांडलीस काय?"

"नाही."

"मंग येगली चूल कशी? आनि घर बापाचं नायतर घोवाचं. तुजं कुटलं?"

"सड्यावरचं."

लोक हसले. मानकरी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "भावाची ना नसंल आनि वर वाट असंल, तर आईची पालखी येईल." सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. तो उठून गेला. मला वाटलं, संपलं.

पालखीच्या दिवशी सकाळीच खालून कोयत्याचे घाव ऐकू आले. जाऊन पाहते तर भाऊ करवंदीच्या जाळ्या तोडत होता. हातांवर ओरखडेच ओरखडे.

"पालखीला वळायला जागा नको?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मी तिथेच दगडावर बसून रडले.

उन्हं कलताना ढोल सडा चढू लागला. पुढे निशाण, मागे पालखी, तिच्यामागे अख्खा गाव आणि भावजयीच्या डोक्यावर भोयांचे पाय धुवायला हंडा. खाली उतारावरच्या अंगणांतून पालखीला अंग चोरून नाचावं लागतं, कधी पागोळीची कौलं फुटतात, कधी तुळस वाकते. इथे दारापासून आभाळापर्यंत मोकळा कातळ! पोरांनी पालखी खांद्यावर घेतली आणि काय नाचवली! माणसं धावत मागे सरत होती, हसत होती, गुलाल वाऱ्यावर समुद्राकडे चालला होता. गावातल्या सगळ्यात लहान घराचं अंगण गावात सगळ्यात मोठं निघालं. मोठे मानकरीसुद्धा काठी टाकून दोन पावलं नाचले.

पालखी माझ्या दाराशी टेकली. मी ओटी भरली. गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं, "आई म्हामाये, आज तू ह्या घरात आलीस, ह्या घरचा येजमान..." आणि तो अडला. सवयीने त्याने भावाकडे पाहिलं. साऱ्या गावाने पाहिलं.

भाऊ दोन पावलं मागे सरला, थेट गर्दीत जाऊन उभा राहिला.

"येजमान ती हाय," तो म्हणाला. "मी हितं पावना."

गुरवाने पहिल्यापासून गाऱ्हाणं घातलं, आणि या वेळी माझ्या नावाने. "होय म्हाराजा!" गाव ओरडला, आणि तो आवाज कातळातून माझ्या तळपायांना लागला. नारळ माझ्या हातात पडला.

पालखी उठताना भाऊही निघाला. मी त्याचा ओरखडलेला हात धरला आणि म्हटलं, "पाव्हण्या, चूल पेटलेली आहे. पेज खाऊन जायचं."