यादवी, मुक्काम पोस्ट काष्टी

माझी ऐतिहासिक कादंबरी छापून आल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात: हेरगिरीचा एवढा अभ्यास कुठे केलात? दप्तरखान्यात बसलात का? मोडी शिकलात का? मी चेहरा गंभीर करून "बरंच फिरावं लागलं" असं सांगते. ते खोटं नाही. संगमनेरहून काष्टीला एसटीने जाऊन बघा, अंगातली सगळी हाडं एकेक करून ओळख देतात.

कादंबरीत दोन भाऊ एका गढीसाठी लढतात. मराठेशाही उतरणीला लागलेली, मुलूख दोन्हीकडे वाटला गेलेला आणि दोन्ही छावण्यांत ये-जा करणारी एक हेर, ती दोघांची सख्खी बहीण. ती नक्की कुणाची, हे शेवटपर्यंत तिलाही ठरवता येत नाही. एका परीक्षणात याला 'विभागलेल्या निष्ठांचं चित्रण' म्हटलं होतं. आमच्या काष्टीत याला 'हिकडचं तिकडं करणं' म्हणतात आणि ते करणाऱ्या बाईला काय म्हणतात, ते इथे लिहिता येणार नाही.

मी दोन भावांतली मधली. आई-वडील गेले आणि माहेर म्हणजे हे दोघंच उरले. एकच आवार, समोरासमोर दोन घरं, मधे एक नळ. चार वर्षांपूर्वी धाकट्याच्या मुलीचं लग्न निघालं आणि पत्रिकेत निमंत्रकांमध्ये थोरल्याचं नाव धाकट्याच्या मेहुण्याच्या खाली छापलं गेलं. छापखानेवाल्याचं म्हणणं, मेहुण्याला पदं फार, एवढी लांब ओळ वरच बसत होती. थोरला लग्नाला गेला आणि अक्षता टाकून न जेवता घरी आला. सख्खा चुलता मांडवातून उपाशी गेला! नवरदेव पळाला असता तरी गावात एवढी चर्चा झाली नसती. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

मी दर दिवाळीला जायचे, चांगली आठवडाभर राहायचे. भाऊबीज दोनदा व्हायची. सकाळी थोरल्याकडे ओवाळणी आणि पुरणपोळी, दुपारी धाकट्याकडे ओवाळणी आणि पुन्हा पुरणपोळी. दोन्हीकडे सारखंच जेवावं लागे. एकीकडे अर्धी पोळी कमी खाल्ली की ती फितुरी. वहिन्यांची नजर माझ्या ताटावर असे. त्या यादवीत माझ्या पोटाने जेवढं सोसलं, तेवढं कुठल्या सरदाराने सोसलं नसेल.

जेवण झालं की चौकशी सुरू. थोरला कधी सरळ विचारत नाही. सुपारी कातरत, आढ्याकडे बघत म्हणणार, "कांदा इकला आसंल त्यानं. मला काय करायचंय म्हना." यावर मी कांदा विकला की चाळीत साठवून ठेवला ते सविस्तर सांगायचं. धाकटा तर भावाचा उल्लेखच टाळी. "समोरचं काय म्हनतंय?" एवढंच. जणू समोर माणूस राहत नाही, पोस्ट ऑफिस आहे.

सुरुवातीला मी खऱ्याच बातम्या द्यायचे. पण खऱ्या बातम्यांत काही दम नव्हता. मग मी कादंबरी लिहायला घेतली आणि मला चटक लागली. सकाळी कागदावर माझी हेर एका भावाचा मायेचा निरोप रचून दुसऱ्याला सांगे, संध्याकाळी तेच मी करी. थोरल्याला सांगितलं, "धाकटा म्हणाला, दादांच्या गुडघ्याची मला फार चिंता लागून राहिली आहे." धाकट्याला सांगितलं, "दादा म्हणाले, गाईंची निगा राखावी तर धाकट्यानेच." दोघंही ऐकून घेत आणि हूं म्हणत. परिणामही दिसे. एकदा गाय व्यायल्यावर धाकट्याने माझ्या हाती खरवस दिला, "तिकडं लागंल तर दे" म्हणून. भांडं रिकामं परत करू नये म्हणून थोरल्याने त्यात शेंगा भरून दिल्या. मी स्वतःवर इतकी खूश झाले की परतीच्या एसटीत शेजारच्या बाईला उगाच खिडकीची जागा दिली.

पुस्तक आलं तेव्हा प्रत कुणाला आधी द्यायची, हा पेच पडला. शेवटी दोन्ही प्रती एकाच दिवशी टपालाने पाठवल्या. पोस्टमन थोरल्याच्या दारात आधी गेला, त्याला मी काय करणार!

यंदा मात्र हातात वेळ नव्हता. थोरल्याच्या मुलाला सुप्याला कारखान्यात नोकरी, तिथेच त्याने घर घेतलेलं. दिवाळी झाली की थोरला आणि वहिनी कायमचे तिकडे जाणार होते. निम्मं सामान गेलंही होतं. एका आवारात राहून जे बोलत नाहीत, ते दोन गावांतून काय बोलणार? मला खरोखर धास्ती बसली. आत्ता तुटलं तर कायमचं तुटणार होतं, आणि माझं माहेर म्हणजे दोन गावांतली दोन जेवणं एवढंच उरणार होतं. दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवून ओवाळायचं, एवढी एकच मोहीम मी ठरवली.

भाऊबीजेच्या सकाळी मी थोरल्यापुढे बसले आणि निरोप बाहेर काढला. "दादा, धाकटा म्हणाला, यंदा दोघा भावांनी एकत्र बसून ओवाळून घ्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे."

थोरल्याने अडकित्ता खाली ठेवला.

"तुझं पुस्तक सूनबाईनं वाचून दाखवलं मला," तो म्हणाला. "समदं."

तो विषय टाळतोय हे कळत होतं. पण लेखिकेचा जीव, राहवलं नाही. "कसं वाटलं?"

"ब्येस हाय. पन ती तुझी हेर पयल्याच दिशी धरली आसती."

"का?"

"आगं, घोड्यावाल्याचा निरोप सांगती, त्यो बी शाळंतल्या बाईवानी. सरदार बी तसाच बोलतो, घोड्यावाला बी तसाच. समदी तुझ्यावानीच बोलत्यात." त्याने सुपारी तोंडात टाकली. "आन् त्यो समोरचा. म्हनं 'चिंता लागून राहिली आहे'! 'मनापासून इच्छा'! जन्मात त्याच्या तोंडात बसंल का गं ह्ये? त्यो ढोपराला गुडघा बी म्हनत न्हाई."

हयातभर मराठी शिकवली, पोरांच्या वह्या लाल केल्या, आणि मी पकडले गेले ती शुद्ध मराठीमुळे.

"कधीपासून माहीत होतं?"

"पयल्यापासनं. त्याला बी आसंल. येडा न्हाई त्यो."

"त्याला बी?" माझी प्रमाणभाषा तिथेच संपली. "मग ऐकून का घेत होता दोघं?"

"तू येवढी लांबनं येऊन येवढं रचून सांगायची. न्हाई कसं म्हनायचं?" तो पुन्हा आढ्याकडे बघू लागला. "आन् खोटं आसलं तरी ऐकाय बरं वाटायचं."

मला रागही आला आणि रडूही आलं. मग त्यानेच चार वर्षांतला पहिला खरा निरोप दिला.

"जा, त्याला सांग. पाट घिऊन यी म्हनावं, आमच्याकडं येकच ऱ्हायलाय. आन् आंगूळ करून यी म्हनावं. शेनाच्या हातानं बसू नगं."

मी आवार ओलांडलं. धाकटा गोठ्यात होता. एक अक्षरही न बदलता मी निरोप सांगितला. त्याने हातातली पाटी खाली ठेवली.

"आंगूळ करून यी म्हनला?"

"हो."

"शेनाच्या हातानं, आसं म्हनला?"

"हो रे बाबा."

"मंग दादाच बोलला ह्यो," धाकटा म्हणाला. बंबात पाणी तापलेलं होतं, ते राहिलं बाजूला. तो तसाच नळाखाली जाऊन बसला.

ओल्या केसांवर टोपी घालून, बगलेत पाट धरून तो थोरल्याच्या घरात आला. थोरल्याने जागा दाखवली नाही, त्याने विचारली नाही. पाट टेकवला आणि बसला. दोन्ही वहिन्या दाराशी उभ्या राहिल्या. मी थोरल्याला कुंकू लावलं, मग धाकट्याला. मग दोघांवरून तबक फिरवलं.

थोरल्याने मान वळवली आणि तो भावाकडे बघत राहिला. इतक्या जवळून त्याने त्याला पुतणीच्या लग्नानंतर पाहिलंच नव्हतं.

"लई वाळलास रं," तो म्हणाला.

"शुगर निघाली," धाकटा म्हणाला. "दोन वर्सं झाली."

मी तबक खाली ठेवलं. कांदा, गाई, दूध, सगळं मी इकडचं तिकडे पोचवलं होतं. त्याच्या शेजारी बसून जेवले होते.

थोरला माझ्याकडे वळला. "आगं, ह्ये सांगायचं हुतंस की."

"मला माहीत नव्हतं, दादा," मी म्हणाले.