डान म्हणजे उजवा

नेटवर्क कार्ड बदलणं हे काही शौर्याचं काम नाही. कव्हर उघडायचं, जुनं कार्ड उपसायचं, नवं बसवायचं, केबल लावायची. भीती असते ती शेजारी चालू असलेल्या मशीनची.

कोलकात्यात सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात शेजारशेजारच्या दोन कपाटांत दोन सर्व्हर होते. एक पडला तर दुसऱ्याने सगळा भार उचलायचा, अशी ती जोडी. बेहालातल्या एका रुग्णालयाचा कारभार त्यांच्यावर चाले: कोणत्या खाटेवर कोण, कोणाला कोणतं औषध, कोणाचा रक्तगट कोणता. प्रत्येक सर्व्हरला दोन कार्डं. चारही एकाच खोक्यातून आलेली, आणि ते मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. एका घाण्यातली एक चकली मऊ निघाली की बाकीच्यांचाही भरवसा नसतो.

आठ दिवसांत एका सर्व्हरची दोन्ही कार्डं गेली. सगळं रुग्णालय दुसऱ्यावर आलं, आणि त्याची कार्डंही त्याच घाण्यातली. रविवारपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. रुग्णालयाच्या मेट्रनला कळवलं, तेव्हा ती म्हणाली, "आज दोन ऑपरेशनं आहेत. कॉम्प्युटरचे पडदे काळे झाले तर कोणाला कुठलं रक्त चढवायचं, ते तुम्हालाच विचारीन." ती हसली नाही. मीही नाही.

हार्डवेअरचं काम करणारे दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. तरी ते मला दीदी म्हणत आणि मी त्यांना दादा. कोलकात्यात दोन्ही चालतं. ते आत काचेच्या खोलीत, कपाटांच्या मागे. मी काचेबाहेर स्क्रीनसमोर, फोन स्पीकरवर. बंद पडलेला सर्व्हर पुढून पाहिलं तर उजवीकडे होता, म्हणजे दादा उभे होते तिथून डावीकडे. हे मी त्यांना सकाळी सांगितलं होतं. पण ते पक्कं विचारल्याशिवाय तारेला हात न लावणारे.

तेवढ्यात नाशिकहून बहिणीचा फोन आला. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या बदलल्या होत्या. पाच मिनिटं बोलले आणि परत दादांना फोन लावला.

"दीदी, डानदिकेर टा तो?" त्यांनी विचारलं.

"हो, हो, तोच. काढा," मी म्हटलं.

बांगलात डान म्हणजे उजवा. आठ वर्षं मी रिक्षावाल्यांना डान-बां सांगत आले आहे, कधी चुकले नाही. पण कान अजून नाशिकलाच होता. त्याला ऐकू आलं ते डावीकडचा.

स्क्रीनवर दोन हिरव्या रेघा होत्या, एकेका चालू कार्डाची एक. एक लाल झाली. चालू मशीनची.

हिंदी, बांगला, इंग्रजी, काहीच सुचलं नाही. मी मराठीत ओरडले, "थांबा!"

काचेतून दिसलं, दुसऱ्या केबलवर गेलेला त्यांचा हात तिथेच राहिला. बांगलात थामा म्हणजे थांबणंच. एका शब्दाने घात केला, दुसऱ्याने हात धरला.

"काय झालं?"

"चालू मशीन आहे ते. केबल परत लावा."

त्यांनी लावली. रेघ लालच राहिली. काढली, फुंकली, पुन्हा लावली. लालच. ते कार्ड बहुधा असंही मरायला टेकलं होतं, केबल काढण्याचं निमित्त झालं. आता अख्खं रुग्णालय एका कार्डावर होतं.

"डावीकडचा उघडा," मी म्हटलं. "बां. बां दिक. तुमच्या घड्याळाच्या हाताकडचा."

"घड्याळ मी उजव्या हातात घालतो, दीदी."

मी उठून आत गेले आणि त्या सर्व्हरवर हात ठेवला. "हा."

त्यांनी स्क्रू काढायला घेतले. मी परत स्क्रीनसमोर. फोन वाजला. मेट्रन.

"पडदे फार हळू चाललेत. पहिलं ऑपरेशन सुरू झालंय."

"पण चालू आहेत ना?"

"आत्ता आहेत."

"रक्तगट आत्ताच कागदावर उतरवून घ्या. दोघांचेही."

तिने लगेच फोन ठेवला. पलीकडे काय धावपळ झाली असेल, ते मी मुद्दाम डोळ्यांपुढे आणलं नाही. हिरव्या रेघेकडे पाहत बसले. ती मधूनच थरथरत होती.

नवी दोन कार्डं बसली, सर्व्हर उठला, भार त्याच्याकडे गेला. मेट्रनचा निरोप आला, पडदे नीट आहेत. दादा बाहेर येऊन घाम पुसत म्हणाले, "थामते बललेन, थेमे गेलाम. थांबा म्हणालात, थांबलो. तुमची बांगला घाबरल्यावर चांगली होते."

त्यांचा चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात आतापर्यंत भार ओढणाऱ्या सर्व्हरची उरलेली हिरवी रेघ आपोआप लाल झाली. कोणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एका कपाटाला लाल पट्टी चिकटवली आणि दुसऱ्याला पिवळी. डावा-उजवा म्हणायचं नाही, रंग सांगायचा. तिथवर ठीक झालं.

मग उरलेली नवी कार्डं परत ठेवताना खोक्यावरचे क्रमांक वाचले. ते काल, बसवण्याआधी वाचायला हवे होते. सगळे ओळीने, एकापुढे एक. पुन्हा एकाच घाण्यातली.

मी मेट्रनला फोन लावला आणि सांगितलं, रक्तगट रोज कागदावर उतरवत जा.